परंपरेचे वय : इचेन नदीकाठची एक हकिगत



इतिहासाच्या व्याख्यानाला श्रोते येतात ते लढाया, तह आणि राज्याभिषेक ऐकण्याच्या अपेक्षेने. मीही आज एका लढाईचीच हकिगत सांगणार आहे. पण या लढाईत रक्त सांडले असेल तर ते फक्त माशांचे. रणांगण म्हणजे दक्षिण इंग्लंडमधील एक लहानशी नदी, शस्त्र म्हणजे बांबूची काठी आणि कोंबड्याच्या पिसाची माशी. वादाचा विषय इतकाच, की ती माशी पाण्यावर तरंगावी की पाण्याखाली बुडावी. तुम्ही हसाल, आणि हसायला माझी हरकत नाही. पण या वादापायी ऐंशी वर्षांच्या एका वृद्ध गृहस्थांना ज्या नदीकाठी त्यांनी पंचावन्न वर्षे घालवली तो काठ सोडावा लागला. सोडावा लागला तो परंपरेच्या नावाने. आणि गंमत अशी, की ही परंपरा वयाने त्या गृहस्थांहून धाकटी होती! आजच्या व्याख्यानाचा विषय हाच आहे : आपण ज्याला परंपरा म्हणतो तिचे वय किती असते?

प्रथम या छंदाविषयी थोडे सांगायला हवे. गळाने मासे धरणे आपल्याला नवे नाही. कोकणात त्याला ‘गरवणे’ असा सुटसुटीत शब्दच आहे. बाराव्या शतकातील कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लासा’त राजाच्या करमणुकीचा एक प्रकार म्हणून मत्स्यविनोदाचे प्रकरण आहे. मराठीच्या आद्य नमुन्यांच्या शोधात आपले अभ्यासक ज्या ग्रंथाची पाने उलटतात, तोच हा ग्रंथ. दोरा कशाचा वळावा, कोणत्या माशाला कोणते आमिष रुचते, याचा त्यात बारकाईने विचार केलेला आहे. तेव्हा गळ टाकून बसणे हे निव्वळ रिकामटेकड्यांचे काम, असे समजण्याचे कारण नाही.

परंतु आमिष लावून गरवणे आणि माशीने गरवणे यांत मोठा फरक आहे. पहिल्यात गांडूळ किंवा कणकेची गोळी असते. मासा ती खातो आणि फसतो. दुसऱ्यात खाण्याजोगे काहीच नसते. बारीक गळावर रेशीम, लोकर आणि पिसे बांधून एखाद्या किड्याचा आभास निर्माण करायचा, आणि तो आभास माशाच्या पुढ्यात अशा बेताने सोडायचा, की माशाला तो खराच वाटावा. युक्ती जुनी आहे. सुमारे इसवी सन 200 च्या वेळचा लेखक इलियन याने मॅसिडोनियातील लोक गळाला तांबडी लोकर आणि कोंबड्याची पिसे बांधून मासे धरतात असे लिहून ठेवले आहे. इंग्लंडमध्ये 1496 साली छापलेल्या एका प्रबंधात अशा बारा माश्यांची कृती आलेली आहे. 1653 साली आयझॅक वॉल्टनचा ‘कंप्लीट अँगलर’ हा प्रसिद्ध ग्रंथ निघाला. राजाचा शिरच्छेद होऊन चारच वर्षे लोटली होती आणि देशात यादवी माजून गेली होती. अशा दिवसांत या वृद्धाने शांतपणे नदीकाठच्या सकाळीचे वर्णन केले. वॉल्टन मुख्यतः आमिषवाला. माशीचे शास्त्र त्याचा तरुण मित्र चार्ल्स कॉटन याने 1676 च्या आवृत्तीत स्वतंत्र भाग लिहून जोडले. या सर्व काळात, म्हणजे कित्येक शतके, माशी बहुधा पाण्यात बुडत असे किंवा अर्धवट भिजून वाहत असे. कोणी तिला मुद्दाम कोरडी ठेवण्याचा आटापिटा करीत नसे.

ज्या माशासाठी हा खटाटोप, तो ट्राउट. अंगावर तांबडे-काळे ठिपके असलेला, थंड आणि वाहत्या पाण्याचा हा मासा. आपल्या सह्याद्रीतील नद्या त्याला सोसत नाहीत. उन्हाळ्यात त्या तापतात. हिंदुस्थानात तो मूळचा नव्हेच. विसाव्या शतकाच्या आरंभी काश्मीरात आणि निलगिरीच्या थंड ओढ्यांत तो बाहेरून आणून वाढवला गेला. त्याचे खरे माहेर युरोप, आणि इंग्लंडात त्याचे लाडके घर म्हणजे हॅम्पशर परगण्यातील टेस्ट व इचेन या नद्या.

या नद्या निराळ्याच आहेत. त्यांच्या खाली खडूच्या दगडाचे थर आहेत. पावसाचे पाणी त्या थरांत मुरते, गाळले जाते आणि महिन्यांनी झऱ्यांच्या रूपाने वर येते. त्यामुळे पूर आणि दुष्काळ यांचे टोक त्यांना क्वचितच लागते. पाणी बाराही महिने जवळजवळ सारख्याच गारव्याचे आणि आरशासारखे स्वच्छ. तळाच्या हिरव्या शेवाळावर मासा उभा आहे, शेपूट हळूच हलवतो आहे, तोंड उघडून काहीतरी टिपतो आहे, हे सारे काठावरून दिसते. मासा दिसतो म्हणजे मासाही आपल्याला पाहतो. अशा पाण्यात अंदाधुंद गळ फेकून चालत नाही. येथे छंदाचे शास्त्र होते, आणि शास्त्र झाले की मागोमाग शास्त्रीबोवा येतात!

आता या माशाचे अन्न काय ते पाहू. कारण पुढचा सगळा वाद त्यावर आहे. या नद्यांत एका जातीचा नाजूक कीटक असतो. अंड्यातून निघाल्यावर तो महिनोन् महिने पाण्याखाली, दगडाआड आणि शेवाळात राहतो. या बालावस्थेला इंग्रजीत ‘निंफ’ म्हणतात. आपणही तोच शब्द वापरू. वेळ भरली की निंफ पोहत पृष्ठभागावर येतो, पाठीवरची कात फाटते आणि आतून पंखवाला कीटक बाहेर पडतो. क्षणभर तो शिडाच्या होडीसारखा पाण्यावर तरंगतो, पंख वाळले की उडतो, झाडाच्या पानावर आणखी एकदा कात टाकतो, जोडीदार शोधतो, अंडी घालतो आणि मरतो. पंख फुटल्यानंतर त्याला अन्न घेताच येत नाही. उघड्या हवेतील त्याचे आयुष्य काही तासांचे किंवा फार तर एक-दोन दिवसांचे. म्हणजे ट्राउटला हा कीटक दोन ठिकाणी भेटतो : पाण्याखाली पुष्कळ दिवस, आणि पाण्यावर क्षणभर. माशाच्या जेवणाचा मोठा वाटा पाण्याखालचाच असतो. पण पाण्यावरचा घास घेताना जे वर्तुळ उमटते ते मनुष्याला दिसते. पाण्याखालचा घास सहसा दिसत नाही. दिसते तेच सत्य मानायचे, ही मनुष्याची खोड जुनी आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला काही मंडळी माशी झटकून, वाळवून, पाण्यावर तरंगवू लागली होती. 1851 च्या एका पुस्तकात त्याचे वर्णन सापडते. पण त्याचे शास्त्र रचले ते फ्रेडरिक हॅलफर्ड यांनी. हॅलफर्ड 1844 साली जन्मले. घरचा व्यापार, खाऊनपिऊन सुखी. 1879 साली विंचेस्टर गावातील मासेमारीच्या सामानाच्या एका दुकानात त्यांची जॉर्ज मॅरिएट यांच्याशी गाठ पडली. मॅरिएट म्हणजे त्या पाण्यावरचे सर्वांत निष्णात गरवणारे. दोघांनी मिळून किडे गोळा केले, बाटल्यांत ठेवले, भिंगाखाली पाहिले, पिसे रंगवली, माश्या बांधल्या. 1886 साली ‘फ्लोटिंग फ्लाइज’ हे हॅलफर्डांचे पुस्तक बाहेर पडले. त्यावर आपल्या जोडीने मॅरिएट यांचेही नाव घालावे, अशी हॅलफर्डांची इच्छा होती; मॅरिएट यांनी नकार दिला. ज्याच्या हाती कौशल्य होते त्याने नाव नको म्हटले, आणि ज्याच्या हाती लेखणी होती त्याचा पंथ झाला. इतिहासात असे वारंवार घडते.

हॅलफर्डांचे म्हणणे थोडक्यात असे. नदीकाठी उगाच गळ फेकीत हिंडू नये. थांबावे, पाहावे. मासा पाण्यावर येऊन कोणता किडा टिपतो हे ओळखावे. त्याच किड्याची हुबेहूब नक्कल दोऱ्याला बांधावी. माशाच्या खालच्या अंगाला उभे राहून, प्रवाहाच्या विरुद्ध दिशेने, ती त्याच्या थोडी वर अलगद ठेवावी आणि खऱ्या किड्यासारखी वाहत येऊ द्यावी. मासा वर येत नसेल तर बसून राहावे. घरी रिकाम्या हाताने परतावे, पण नियम मोडू नये.

आणि हे मत वाईट नव्हते, हे मी आवर्जून सांगतो. त्यात निरीक्षण होते, संयम होता, आणि माशाविषयी एक प्रकारचा आदर होता. गळाला लागेल तो मासा ओढायचा या हावरेपणाला त्याने आळा घातला. नवी हत्यारेही त्याच्या मदतीला आली. पूर्वीच्या लांबलचक लवचीक काठ्यांऐवजी बांबू चिरून, त्याच्या सहा पट्ट्या जोडून केलेल्या आखूड आणि जोरदार काठ्या मिळू लागल्या. एकोणिसाव्या शतकात त्यासाठी हिंदुस्थानातील बांबू जात असे. बाजारात त्याला ‘कलकत्ता बांबू’ म्हणत. पुढे चीनकडील टोंकिन बांबूने त्याची जागा घेतली. रेशमाच्या विणलेल्या जड दोरीला चरबी चोळली की ती पाण्यावर तरंगे. तरंगती दोरी, तरंगती माशी, असा सारा सरंजाम जमला.

पण सरंजाम जमला तसा संप्रदायही जमला. हॅलफर्डांची एकामागून एक पुस्तके निघाली. 1910 साली त्यांनी 33 माश्यांची यादी निश्चित करून दिली. याहून अधिक कशाचीच गरज नाही, असा भाव. अनुयायी गुरूच्या पुढे गेले. कोरडी माशी हे सोवळे आणि ओली माशी हे ओवळे ठरले. आपल्याकडे ओलेत्याने सोवळे होते, तिकडे कोरडे ते सोवळे; बाकी तऱ्हा एकच! ओली माशी वापरणे हे केवळ अकुशल नव्हे, तर सभ्य गृहस्थाला न शोभणारे, असे बोलले जाऊ लागले. पाण्याच्या भागीदारांनी आपल्या करारांत आणि नियमांत ते घातले. तीस-चाळीस वर्षांत लोक विसरले, की आपल्या आजोबांची माशी ओलीच असे.

अशा वातावरणात जॉर्ज एडवर्ड मॅकेन्झी स्क्यूज हे गृहस्थ इचेनच्या काठी उभे होते. जन्म 1858 सालचा, न्यू फाउंडलंड बेटावरचा. शिक्षण विंचेस्टरच्या जुन्या शाळेत, आणि शाळेच्या दिवसांपासूनच काठी हातात. व्यवसायाने लंडनमध्ये वकील, कागदपत्रे तपासणारे सॉलिसिटर. लग्न केले नाही. 1883 सालापासून विंचेस्टरजवळच्या अ‍ॅबट्स बार्टन येथील पाण्यावर ते जाऊ लागले. आठवडाभर दस्तऐवज वाचायचे आणि सुटीच्या दिवशी नदी वाचायची, असा त्यांचा क्रम होता. आरंभी तेही हॅलफर्डांचेच शिष्य. पुस्तक प्रमाण मानून कोरडी माशी टाकीत.

1892 च्या सप्टेंबरात एक लहानशी गोष्ट घडली. मासे पाण्यावर हालचाल करीत होते, पण तरंगत्या माशीकडे ढुंकूनही पाहत नव्हते. स्क्यूज यांच्याजवळची एक माशी नीट बांधलेली नव्हती. पिसे मऊ पडली, ती भिजली आणि बुडाली. आणि बुडालेली माशी माशाने घेतली. पुन्हा टाकली, पुन्हा तेच. एखादा पक्का संप्रदायी असता तर हा अपघात म्हणून विसरून गेला असता. स्क्यूज वकील होते. साक्षीदार अनपेक्षित बोलला म्हणून साक्ष फेटाळायची नसते, हे त्यांना ठाऊक होते.

त्यांनी उलटतपासणी आरंभली. मेलेल्या माशाच्या पोटात काय आहे हे पाहण्यासाठी हाडातील मगज काढायचा लांबट चमचा घेतला. पोटातील ऐवज पांढऱ्या बशीतल्या पाण्यात सोडला की एकेक कीटक सुटा होऊन दिसे. काय दिसले? पंखवाले थोडे आणि निंफ फार. मासा ज्या वेळी पृष्ठभागाशी उसळ्या मारताना दिसतो, त्या वेळीही पुष्कळदा तो वर येणारा निंफच टिपीत असतो. मग तरंगत्या माशीला तो का भुलेल? स्क्यूज यांनी निंफाच्या आकाराच्या सडपातळ माश्या बांधल्या. पद्धत मात्र हॅलफर्डांचीच ठेवली : आधी मासा पाहायचा, तो काय खातो हे ओळखायचे, प्रवाहाविरुद्ध एकाच माशावर नेमकी फेक करायची. फरक एवढाच, की माशी दोन-चार बोटे पाण्याखाली. मासा घास घेतो ते कळायला दोरीचा बारीकसा झटका किंवा पाण्यातली अंगाची वळवळ हीच खूण. डोळ्यांची परीक्षा कोरड्या माशीहून कठीणच झाली.

1910 साली ‘मायनर टॅक्टिक्स ऑफ द चॉक स्ट्रीम’ आणि 1921 साली ‘द वे ऑफ अ ट्राउट विथ अ फ्लाय’ ही त्यांची पुस्तके आली. नावेच पाहा : ‘मायनर टॅक्टिक्स’, म्हणजे किरकोळ डावपेच. बंडाची भाषा कोठेच नाही. कोरडी माशी टाकून द्या, असे त्यांनी कधीच म्हटले नाही; तेही ती आवडीने वापरीत. मासा वर खात असेल तेव्हा वर, खाली खात असेल तेव्हा खाली, इतकेच त्यांचे मागणे. आणि ते करताना आपण काही नवे करतो आहोत असा आवही नव्हता. प्रवाहाविरुद्ध ओली माशी टाकण्याची विद्या स्कॉटलंडच्या डब्ल्यू. सी. स्टुअर्ट यांनी 1857 सालीच पुस्तकात मांडली होती. स्क्यूज यांनी जुन्या ओल्या माशीला नव्या निरीक्षणाची जोड दिली. तसे पाहिले तर खरे परंपरावादी तेच.

पण संप्रदायाला हे मानवले नाही. हरकती होत्या, आणि सगळ्याच पोकळ नव्हत्या. पाण्याखालच्या माशीने लहान मासे दुखावतात; मासे बुजतात; एकदा दार किलकिले केले की जुना अंदाधुंद प्रकार घुसेल. नियम ढिला करताना ही भीती रास्तच असते. परंतु या हरकतींच्या तळाशी एक निराळीच भावना होती : आमच्या नदीची ही रीत नाही.

10 फेब्रुवारी 1938 रोजी लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबात निंफाच्या प्रश्नावर जाहीर चर्चा झाली. स्क्यूज तेव्हा ऐंशीच्या घरात होते. समोर सर जोसेफ बॉल यांच्यासारखे वजनदार विरोधक. सभेचा कल स्क्यूज यांच्या बाजूने नव्हता. अ‍ॅबट्स बार्टनच्या पाण्यावरही सहभागीदारांशी याच प्रश्नावर खटके उडत होते. त्या वर्षीचा हंगाम संपला आणि त्यांनी ते पाणी सोडले. 1883 पासून 1938 पर्यंत. माणसाचा संसार होतो इतकी वर्षे.

आता हिशेब करा. हॅलफर्डांचे पहिले पुस्तक 1886 चे. स्क्यूज तेव्हा अठ्ठावीस वर्षांचे होते आणि तीन वर्षांपासून त्याच पाण्यावर जात होते. ज्या ‘पुरातन’ रीतीचा भंग केल्याचा ठपका त्यांच्यावर आला, ती रीत त्यांनी डोळ्यांदेखत जन्मताना पाहिली होती. पाळण्यात पाहिलेले मूल म्हातारपणी आपल्यालाच वडीलकीने दटावू लागावे, तसे हे झाले. नियम करणाऱ्यांना परंपरेची आस्था नव्हती असे नाही. परंपरेचा इतिहास त्यांना माहीत नव्हता. इतिहासाच्या अभ्यासाचा काही उपयोग असेल तर तो मला येथे दिसतो. इतिहास परंपरा मोडायला शिकवत नाही. तिचा जन्मदाखला तेवढा दाखवतो.

स्क्यूज कडवटपणा उराशी धरून बसले नाहीत. 1939 साली, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी, त्यांनी खडूच्या नद्यांतील निंफावर स्वतंत्र पुस्तक प्रसिद्ध केले. पुढे काही काळ ते नॅडर नदीच्या काठी राहिले. एव्हन नदीवर फ्रँक सॉयर नावाचे नदीराखे होते. पाण्यातील शेवाळ कापणे, तळ साफ ठेवणे, माशांची निगा राखणे हे त्यांचे पोटाचे काम. शाळा बेताची, पण नजर तीक्ष्ण. स्क्यूज यांनी त्यांच्याशी पत्रव्यवहार ठेवला, त्यांना लिहिण्याचे उत्तेजन दिले. सॉयर यांनी धाग्याऐवजी तांब्याची बारीक तार आणि फेझंट पक्ष्याच्या शेपटीचे तांबूस पीस यांचा निंफ बांधला. तारेच्या वजनाने तो बुडे, आणि तारच अंगाचा रंगही देई. 1958 साली त्यांचे ‘निंफ्स अँड द ट्राउट’ हे पुस्तक निघाले. आज जगात जेथे जेथे ट्राउट गरवला जातो तेथे तेथे हा निंफ लोकांच्या पेटीत असतो. विद्या लंडनच्या क्लबातून नव्हे, तर वकिलाकडून राख्याकडे गेली.

9 ऑगस्ट 1949 रोजी स्क्यूज वारले. त्यांची रक्षा इच्छेप्रमाणे अ‍ॅबट्स बार्टनच्या त्याच पाण्यालगत विखुरली गेली, आणि काठावर त्यांच्या आठवणीचे एक बाक आहे. ज्या काठावरून ते दूर झाले, तेथेच शेवटी ते परत आले. आणि वादाचा निकाल? टेस्ट नदीच्या कित्येक पट्ट्यांवर आजही हंगामाच्या पूर्वार्धात फक्त कोरडी माशी चालते. उन्हाळा अर्धा सरला की निंफाला परवानगी मिळते. दोन्ही शास्त्रे एकाच नदीवर आळीपाळीने नांदतात. तडजोड म्हणा, मला ती शहाणपणाची वाटते. कारण आता या नद्यांपुढे याहून मोठे संकट आहे. जमिनीखालच्या पाण्याचा अतोनात उपसा आणि सांडपाणी यांनी त्या क्षीण होत आहेत. नदीच उरली नाही तर माशी कोरडी की ओली, हे विचारायला कोण राहणार?

श्रोतेहो, हॅलफर्ड आणि स्क्यूज यांच्यात एक गोष्ट समान होती, आणि ती मला दोघांच्या मतभेदापेक्षा महत्त्वाची वाटते. दोघेही काठावर बसून तासन् तास पाण्याकडे पाहू शकत. एकाने पाहिले ते लिहिले, आणि लोकांनी ते लिहिलेले पाठ केले. दुसऱ्याने लिहिलेले वाचले आणि पुन्हा पाण्याकडे पाहिले. पहिल्याचा अपमान न करता दुसऱ्याने त्याच्यापुढे एक पाऊल टाकले. गुरूचे ऋण फेडण्याची याहून चांगली रीत मला माहीत नाही. आपल्या गावातही सण, पंगत, शाळा, संस्था यांविषयी ‘पूर्वापार चालत आले आहे’ असे कोणी सांगितले, म्हणजे रागावू नये आणि मानही तुकवू नये. शांतपणे विचारावे : पूर्वापार म्हणजे कोणत्या सालापासून? उत्तर ऐकून कधी आपण थक्क होऊ, कधी खजील होऊ. पण नदीकडे नव्याने पाहू खास.